पागोट्याची पगडी होते तेव्हा

जून २०१८ मध्ये पुण्यातल्या एका राजकीय सभेत शरद पवारांनी सांगितले, की यापुढे सत्काराला पुणेरी पगडी नको, फुले पगडी द्या. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडी आली आणि तिथेही फुले पगडीच्या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. दोन्ही वेळा बरेच लिहिले गेले. त्या लिखाणात प्रश्न एकच होता : पगडी कोणाची? हा प्रश्न क्षुल्लक नाही. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जातवार वर्णने आहेत, आणि अंगावरच्या कपड्यांबरोबर डोक्यावर काय असते हेही तिथे नोंदवलेले आहे. डोके पाहून माणसाची जात ओळखण्याची सवय या शहराला होती. तेव्हा विद्यापीठाने एका वर्गाची खूण सर्वांच्या डोक्यावर ठेवावी का, हे विचारायलाच हवे होते.

पण या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली. डोक्यावर जे ठेवायचे ती पगडीच असणार, फक्त आकार कोणता एवढेच ठरवायचे. माझा आक्षेप इथे आहे.

मराठीतली क्रियापदे याबाबत फार नेमकी आहेत. पागोटे, फेटा, पटका, मुंडासे हे सगळे आपण बांधतो. पगडी ठेवतो किंवा घालतो. टोपी घालतो. बांधण्याचे वस्त्र म्हणजे नुसते कापड. फेट्याचे कापड साधारण साडेतीन ते सहा मीटर लांब आणि मीटरभर रुंद असते. डोक्यावरून उतरवले की त्याला आकार राहत नाही. आकार येतो तो बांधणाऱ्याच्या हातातून आणि डोक्याच्या घेरातून, आणि रोज नव्याने येतो. त्यामुळे बांधलेले वस्त्र ढिले किंवा घट्ट असा प्रश्न फारसा उरत नाही. पहिला वेढा कपाळावर किती ओढायचा हे डोकेच सांगते. शेतकऱ्याच्या मुंडाशाचे ऊन लागले की डोके झाकणे, ओझे उचलताना चुंबळ होणे, विहिरीवर घाम पुसणे असे दिवसभरात चार उपयोग होत.

पगडीचे तसे नाही. पगडबंद ती आधी बांधून, टाके घालून, पक्की करून देतो. कोका, माथा, घेर सगळे ठरलेले. रोज बांधण्याचा वेळ वाचतो आणि कचेरीत बसणाऱ्या माणसाला दिवसभर एकसारखे नीटनेटके दिसता येते. पण ती दुसऱ्या कामाची नाही, आणि मापाची नसेल तर डोक्यावर नीट बसतच नाही. म्हणूनच पगडी त्या त्या माणसासाठी बांधून घ्यायची वस्तू होती. डोक्याचा घेर कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून मोजावा लागे. पागोटे आणि पगडी यांच्यातला फरक असा केवळ आकाराचा नव्हता. एक स्वतःच्या हाताने बांधायचे वस्त्र, तर दुसरी कारागिराकडून करून घ्यायची वस्तू.

आता फुले पगडीकडे पाहा. जोतीराव फुल्यांच्या चित्रांत त्यांच्या डोक्यावर दिसते ते गुंडाळलेले पागोटे. कापडाचे वेढे त्यात उघड दिसतात. आज समारंभात मिळते ती त्या पागोट्याची शिवून, टाचून पक्की केलेली नक्कल, आणि तिचे नावही पगडी. म्हणजे पुणेरी पगडीला पर्याय शोधताना आपण कष्टकऱ्यांच्या हाताने बांधल्या जाणाऱ्या वस्त्राला पगडीच्या साच्यात बसवले. माणूस बदलला, रंग बदलला, पण रीत पगडीचीच राहिली. बहुजनांच्या परंपरेचा मान राखायचा तर त्यांच्या बांधण्याचाही मान राखायला हवा होता. त्या वादातल्या एकाही बाजूने हा मुद्दा मांडलेला माझ्या वाचनात नाही.

पुणेरी पगडीची दशाही वेगळी नाही. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. पण सत्कारासाठी घाऊक घेतलेल्या पगडीत आधी मोजलेले डोके कुठे असते? वर्तमानपत्रातली सत्काराची छायाचित्रे काढून बघा. एखाद्याची पगडी भुवयांवर उतरलेली, एखाद्याची टाळूवर तरंगणारी. पाहुणा एका हाताने ती सावरतो, दुसऱ्या हाताने नारळ घेतो आणि फोटो झाला की पगडी टेबलावर. रानडे किंवा टिळक यांच्या छायाचित्रांत पगडी त्यांच्या चेहऱ्याचा भाग वाटते, कारण ती त्यांची रोजची होती.

यावर कोणी म्हणेल, की प्रतीक हे प्रतीक असते. विलायती पदवीधराची चौकोनी टोपी तरी तो घरी कुठे घालतो? खरे आहे. पण ती टोपीही डोक्याचे माप बघून देतात. शिवाय ती आमच्या आजोबांचा पोशाख आहे असा दावा कोणी करत नाही. पगडीबाबत दावा परंपरेचा आहे. मग परंपरेतले माप, बांधणी आणि रोजचा वापर वगळून उरलेल्या आकाराला परंपरा म्हणायचे का?

परंपरेची टोपी आणि डोके यांचे नाते इतरत्र कसे सांभाळतात याचे उदाहरण म्हणून बेरे टोपी पाहण्यासारखी आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगराळ भागातल्या मेंढपाळांची ही टोपी. लोकरीने विणायची आणि मग पाण्यात मळून घट्ट करायची. पुढे ती जगभरच्या सैन्यांनी उचलली. आपल्याकडे एनसीसी केलेल्यांना ती माहीत आहे. नवी बेरे भिजवून, डोक्यावर चढवून, एका बाजूला ओढून, हाताने दाबून वाळेपर्यंत तशीच ठेवायची. नंतर ती त्याच डोक्याची होते. गणवेशातली वस्तू असूनही ती घालणाऱ्याला थोडी मेहनत करायला लावते.

आपल्याकडच्या पांढऱ्या टोपीमागेही असा विचार होता. गांधीजींनी तो काका कालेलकरांना सांगितला आणि कालेलकरांनी तो लिहून ठेवला आहे. पागोट्याला कापड फार लागते. काश्मिरी टोपीसारखी घडी होणारी टोपी स्वस्त पडते. आणि रंग पांढरा, कारण घाम लागलेला दिसतो, म्हणून ती वारंवार धुतली जाते. स्वतः गांधीजींनी १९२१ मध्ये टोपी सोडली. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी ती सोडली नाही. मुंबईचा डबेवाला आणि बाजाराला आलेला म्हातारा शेतकरी अजून ती घालतात. ती आजही मापाने मिळते, घरी धुतली जाते, खळ देऊन कडक होते. रोजच्या वापरातले आपले पारंपरिक शिरोवस्त्र शोधायचे तर आधी हिच्याकडे पाहावे लागेल. तिच्यावरून असा वाद होत नाही.

दुसरे जिवंत वस्त्र फेटा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या मुली फेटे घालतात. फेटा ही पुरुषांची मिरास होती, ती मुलींनी सहज घेतली. अंबाडा असो वा आखूड केस, कापड डोक्यानुसार वळते. हे शिवलेल्या पगडीला जमणारे नाही. मात्र तिथेही आता आयता, शिवलेला फेटा शिरला आहे.

म्हणून संस्थांना एक सुचवावेसे वाटते. सत्कारात शिरोवस्त्र हवेच असेल तर कापड द्या, आणि बांधणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून ते पाहुण्याच्या डोक्यावर बांधू द्या. चार मिनिटे जातील. त्या चार मिनिटांत बांधणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगता येईल. फुल्यांचे नाव घ्यायचे असेल तर पागोटे बांधा आणि त्याला पागोटेच म्हणा. पगडी द्यायची असेल तर आठ दिवस आधी पाहुण्याला फोन करून डोक्याचे माप विचारा. यातले काहीच करणार नसाल, तर शाल आणि पुस्तक पुरेसे आहे.