‘मेड’ आणि फावल्या वेळाचा हिशेब

स्टेफनी लँड ह्या अमेरिकन लेखिकेचें ‘मेड’ हें आत्मकथन २०१९ सालीं निघालें, व २०२१ मध्यें त्यावरील चित्रमालिकेनें तें घरोघर पोंचविलें. तेव्हां त्यांतील हकीकत येथें विस्तारानें सांगत नाहीं. तान्ही मुलगी घेऊन बेघरांच्या निवाऱ्यांत राहिलेली, पुढें वॉशिंग्टन राज्यांत परक्यांचीं घरें घासूनपुसून आणि सरकारी साहाय्यावर दिवस काढणारी एकटी आई हा त्याचा विषय. परंतु आमचें चित्त वेधलें तें त्यांतील कष्टांनीं नव्हे, विसाव्यानें. जिच्या अन्नास सरकारचा पैसा लागतो, तिला घटकाभर स्वस्थ बसण्याचा अधिकार आहे काय?

समुद्रकांठीं मुलीबरोबर घालविलेला दिवस असो, कीं ती निजल्यावर लेखनासाठीं मिळविलेली घटका असो, लेखिकेस त्या सुखाचा जणूं जमाखर्च द्यावा लागतो. दुकानांत फूड स्टँप पुढें करतांना तिच्या सामानावरून फिरणारी नजर अशा वेळींहि तिची पाठ सोडीत नाहीं. ही नजर केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांची नव्हे. १९९६ च्या अमेरिकन कायद्यानें रोख साहाय्यास सामान्यतः पांच वर्षांची मर्यादा घातली, आणि एकट्या आईवर आठवड्यास ३० तास, मूल सहा वर्षांच्या आंतील असल्यास २० तास, कामाची अट लादली. त्या कामांच्या यादींत सार्वजनिक सेवेस जाणाऱ्या दुसऱ्या बाईचें मूल सांभाळणें येतें. स्वतःचें सांभाळणें येत नाहीं! पोटच्या पोरीस खेळविणाऱ्या आईच्या नांवावर तो वेळ रिकामाच मांडला जाणार. श्रीमंताच्या घरीं ह्याच गोष्टीस वात्सल्य म्हणतात.

आमचा आक्षेप असा कीं, लेखिका ह्या न्यायासनापुढें फार नम्र आहे. आपण आळशी नाहीं ह्याची साक्ष ती पानोपानीं काढते. न्हाणीघरांतील घाण, दुखणारी पाठ, अपुरी मजुरी, सर्व खरें, आणि बरेंचसें उत्तम लिहिलेलें. पण कष्टाळू ठरली म्हणूनच जर ती विसाव्यास पात्र, तर जिच्या हातून तितके कष्ट होत नाहींत तिचें काय? ह्या प्रश्नांत पुस्तक फारसें शिरत नाहीं.

उलट, ज्या घरांना तिनें मनाशीं नांवें देऊन ठेविलीं, तीं प्रकरणें आम्हांस सर्वांत सरस वाटलीं. तेथें धन्याच्या फुरसतीचीं साधनें जागोजाग पडलेलीं असतात आणि ही बाई त्यांवरील धूळ झाडते. त्या फुरसतीचा हिशेब मात्र कोणी मागत नाहीं. एवढें दाखवून लेखिका गप्प राहते, तें फार चांगलें करते. २०२३ च्या ‘क्लास’ मध्यें तिनें आपल्या विद्यापीठीय शिक्षणाची कथा सांगितली आहे. गरीब आईनें साहित्य शिकावें हीच ज्यांना चैन वाटते, त्यांनीं तें पुस्तक अवश्य चाळावें.