‘लव्ह’, ‘चॅरिटी’ आणि आपले उपदेश

इंग्रजीतील ‘लव्ह’ हा शब्द किती ठिकाणी किती अर्थांनी वापरला जातो, हे आपणांस ठाऊक आहे. आंबा आवडतो म्हणून लव्ह, आईविषयी लव्ह, देशाविषयी लव्ह, वधूवरांचे लव्ह, देवाचे मानवावरील लव्ह. आणि टेनिसच्या खेळात एकही गुण नसला तरी तोही लव्हच. पैशासाठी नव्हे तर निव्वळ आवडीखातर खेळणे, म्हणजे हाती काहीच न येणे, यावरून तो शून्याचा अर्थ रूढ झाला असावा. या पसाऱ्याकडे बोट दाखवून आपल्यापैकी अनेक उपदेशक म्हणतात की, इंग्रजी भाषा दरिद्री असून ग्रीक संपन्न आहे. इंग्रजांस एकच शब्द, तर ग्रीकांस चार. मग स्तोर्गे, फिलिया, एरॉस आणि अगापे अशी चढती शिडी लावली जाते आणि श्रोत्यांस शेवटच्या पायरीवर नेऊन सोडले जाते.

या शिडीचे लोकप्रिय उगमस्थान म्हणजे सी. एस. लुईस यांचे ‘द फोर लव्हज’ हे १९६० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. ते पुस्तक प्रत्यक्ष काय सांगते, आणि आपण त्याच्या आधाराने काय सांगत आलो आहोत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका गावी विवाहविधीच्या वेळी मी हाच चार शब्दांचा उपदेश केला. एरॉस घेणारे, अगापे देणारे. एरॉस ओसरणारे, अगापे टिकणारे, असे बरेच बोललो. विधी आटोपल्यावर एक वृद्ध विधवा बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “फादर, मग चाळीस वर्षं मी आमच्या ह्यांचं केलं, ते ह्यातलं कुठलं म्हणायचं?” मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या चाळीस वर्षांत ओढ होती, राग होता, रांधणे, शुश्रूषा, रुसवे आणि क्षमा होती. माझ्या चार खणांत ते आयुष्य मावत नव्हते.

प्रथम शब्दाकडेच वळू. ‘लव्ह’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘लुफु’ या रूपापासून आला. जर्मन भाषेतील ‘लीबे’ हा त्याचा सख्खा भाऊ, तर संस्कृतातील ‘लुभ्’ हा धातू त्याचा दूरचा नातलग. म्हणजे इंग्रजांचे ‘लव्ह’ आणि आपला ‘लोभ’ एकाच प्राचीन कुळातले आहेत. इतकेच नव्हे, विश्वास ठेवणे या अर्थाचे ‘बिलीव्ह’ हे इंग्रजी क्रियापदही त्याच कुळातले. यावरून श्रद्धा आणि प्रीती मुळात एकच, असा सुंदर उपदेश रचण्याचा मोह होईल. परंतु तो आवरला पाहिजे. त्याच न्यायाने प्रीती आणि हाव मुळात एकच, असेही म्हणावे लागेल! शब्दाचे कूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. एकाच मुळापासून निघालेला शब्द एका देशी देवाच्या गुणाला लागला आणि दुसऱ्या देशी षड्रिपूंत जाऊन बसला.

या शब्दावरून सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली नव्या कराराचे ग्रीकवरून केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ‘अगापे’ या शब्दासाठी प्रचलित ‘चॅरिटी’ हा लॅटिनमधून आलेला शब्द टाळून ‘लव्ह’ हा शब्द योजला. सर थॉमस मोर यांनी १५२९ साली त्यावर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, ‘लव्ह’ चांगलेही असते आणि वाईटही. ‘चॅरिटी’ हा शब्द मात्र पवित्र प्रीतीसाठीच राखलेला आहे. टिंडेल यांनी १५३१ साली उत्तर दिले. बोलभाषेत ‘चॅरिटी’ला निराळेच अर्थ चिकटले आहेत, शिवाय त्या शब्दापासून क्रियापद होत नाही, मग देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा त्या शब्दाने सांगावी तरी कशी, असे त्यांनी विचारले. शेजाऱ्याच्या पत्नीवरही प्रीती करावी असे म्हटले, तर ख्रिस्ती मनुष्य त्याचा भलता अर्थ घेत नाही. संदर्भच अर्थ सांगतो, हा त्यांचा खरा मुद्दा होता. पुढे मोर यांना १५३५ साली आणि टिंडेल यांना १५३६ साली, निरनिराळ्या कारणांसाठी आणि निरनिराळ्या सत्तांकडून, देहदंड झाला.

वादाचा निकाल काळाने दिला. १५८२ च्या कॅथॉलिक ऱ्हेम्स नव्या कराराने ‘चॅरिटी’ ठेवली. १६११ च्या प्रॉटेस्टंट किंग जेम्स भाषांतरानेही करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तीच ठेवली. परंतु दरम्यान लोकव्यवहारात ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा, दानधर्म, असा अर्थ घट्ट होत गेला. आपल्याकडेही सरकारदरबारी चॅरिटी म्हणजे धर्मादाय. हा अर्थ मनात धरून त्या अध्यायाचे तिसरे वचन वाचून पाहावे. सर्व मालमत्ता गरिबांना वाटली तरी चॅरिटी नसेल तर लाभ नाही, असे पौल म्हणतो. दानधर्म करूनही दानधर्म नाही, हे वाक्य अर्थशून्य ठरते. १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने ‘लव्ह’ हाच शब्द पुन्हा आणला. राखून ठेवलेला पवित्र शब्दही झिजतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

आता लुईस यांचे पुस्तक पाहू. १९५८ साली अमेरिकेतील नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या भाषणांतून ते सिद्ध झाले. त्याचा खरा पाया चार ग्रीक शब्द हा नसून, गरजेपोटी केलेली प्रीती आणि देण्यासाठी केलेली प्रीती हा भेद आहे. देणारी प्रीती तेवढी खरी आणि गरजेची प्रीती हीन, असे मांडण्याचा आपला मूळ बेत होता आणि तो आपणांस सोडावा लागला, असे ते पहिल्याच पानांत सांगतात. कारण मूल आईकडे धावते ते गरजेने. आणि मानव देवाकडे येतो तोही बहुधा गरजेनेच. त्या गरजेला स्वार्थ म्हणणे म्हणजे प्रार्थनेलाच स्वार्थ म्हणणे होय. उलट, देणारी प्रीतीही बिघडू शकते. लुईस यांनी रंगविलेल्या मिसेस फिजेट या कुटुंबासाठी अहोरात्र राबतात. पण त्यांच्या राबण्याखाली सारे घर गुदमरून जाते. अशी माउली आपल्यापैकी कोणाच्या पॅरिशमध्ये नाही?

मानवी प्रीती टाकून द्यावी आणि दैवी प्रीती घ्यावी, असे हे पुस्तक कोठेही सांगत नाही. नैसर्गिक प्रीती नैसर्गिक राहूनच दैवी प्रीतीचे वाहन व्हावी, हा त्याचा निष्कर्ष आहे. मी त्या विवाहाच्या दिवशी जे बोललो, ते लुईस यांचे नव्हतेच. ती त्यांच्या अनुक्रमणिकेवरून केलेली माझी पोपटपंची होती.

चार शब्दांची शिडी नव्या कराराच्या ग्रीक मजकुरावरही टिकत नाही. ‘एरॉस’ हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही. ‘स्तोर्गे’ स्वतंत्रपणे येत नाही. त्यापासून झालेले जोडशब्द तेवढे रोमकरांस व तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत आढळतात. आणि ‘अगापे’ सदैव पवित्रच असते काय? जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात, अम्नोनाने आपल्या बहिणीवर, तामारेवर, बलात्कार केला. त्यापूर्वीच्या त्याच्या वासनेसाठी तेथे ‘अगापे’ हाच शब्द आहे. देमासाने या जगाच्या लोभाने पौलाला सोडले, परूशांना सभास्थानातील मुख्य आसने प्रिय होती, लोकांनी अंधाराची आवड धरली. या तिन्ही ठिकाणी त्याच धातूचे क्रियापद आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो. पहिल्या दोन वेळा एक क्रियापद, तिसऱ्या वेळी दुसरे. यावर आपण पुष्कळ बोलतो. काही नामवंत विद्वानांनीही येथे अर्थभेद मानला आहे. परंतु योहान पित्याच्या पुत्रावरील प्रीतीसाठी तिसऱ्या अध्यायात एक आणि पाचव्यात दुसरे क्रियापद वापरतो. येशूच्या प्रिय शिष्याविषयी लिहितानाही तेराव्यात एक, विसाव्यात दुसरे. पेत्र दुःखी झाला तो तिसऱ्यांदा विचारले म्हणून. त्याने नाकारलेही तीनदाच होते. प्रसंगाचे मर्म त्या तीन या संख्येत आणि कोकरे सांभाळण्याच्या आज्ञेत आहे. त्यासाठी श्रोत्यांस ग्रीक येण्याची गरज नाही.

एरॉस आणि अगापे यांत भिंत घातली ती मुख्यतः स्वीडिश लुथरन ईश्वरविद्यावेत्ते आंडेर्स नायग्रेन यांनी, १९३० आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. त्यानंतर १९६१ साली जेम्स बार यांनी दाखवून दिले की, बायबलचा संदेश सुट्या शब्दांत नव्हे, तर वाक्यांत असतो. एका शब्दावर सारे ईश्वरज्ञान लादणे ही भाषेविषयीची चूक आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात एरॉस आणि अगापे यांना एकमेकांपासून पूर्णपणे तोडता येत नाही, असेच प्रतिपादन केले.

लुईस यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. मैत्रीवरील त्यांचे प्रकरण विद्यापीठातील पुरुषमंडळींच्या बैठकीबाहेर फारसे डोकावत नाही. जुन्या करारातील कराराची निष्ठा, संदेष्ट्यांचा न्यायाचा आग्रह, यांना त्यात पुरेशी जागा नाही. आणि ग्रीक नावे देऊन त्यांनी आपल्या वर्गीकरणाला न मागितलेला शास्त्राधार मिळवून दिला. आश्चर्य असे की, त्याच १९६० साली त्यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या काळातील प्रबळ अर्थ जुन्या मजकुरात कसा नकळत शिरतो, याचा इशारा त्यात आहे. आपण पहिले पुस्तक वाचताना दुसरे शेजारी ठेवावयास हवे होते.

वास्तविक आपणां मराठी भाषकांस हे कळण्यास ग्रीसपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ असे लिहितो, तेव्हा कोणी आपणांस हावरट म्हणत नाही. आईची माया, वेदान्त्याची माया आणि सावकाराने जमविलेली माया, या तिन्हींत आपला घोटाळा होत नाही. वाक्य, बोलणारा आणि त्याची करणी अर्थ ठरवितात. तेव्हा धर्मशिक्षकांस माझी नम्र विनंती अशी की, विवाहाच्या तयारीस आलेले तरुण ‘लव्ह’ म्हणतात, त्या वेळी त्यांचा शब्द खोडू नये. हे लव्ह आजारपणात काय करील, पगार थांबला तर काय करील, सासरच्या माणसांशी कसे वागेल, हे विचारावे. पौलही प्रीतीची व्याख्या करीत नाही. ती काय करते आणि काय करीत नाही, एवढेच तो सांगतो.

त्या बाई आता हयात नाहीत. आज विचारले असते तर मी म्हणालो असतो: बाई, ते कुठले, हे शब्दांत शोधू नका. तुम्ही जे केले तीच प्रीती. तिच्यात जे उणे राहिले असेल, ते देव पुरे करील.