नोंद कोणाची, ठेवा कोणाचा? : गोंडी मौखिक परंपरेच्या संकलनपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गोंड, माडिया, कोलाम, परधान आदी जमातींच्या मौखिक परंपरांचे समृद्ध क्षेत्र होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ मध्ये येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे या परंपरांचा अभ्यास स्थानिक महाविद्यालयांच्या कक्षेत आला. लघुशोधप्रकल्प, प्रबंध आणि चर्चासत्रे यांतून लोकगीतांची संकलने तयार होत आहेत. ‘हा ठेवा नष्ट होण्यापूर्वी जतन केला पाहिजे’ हे विधान त्यांच्या प्रस्तावनेत हमखास आढळते. मात्र जतन नेमके कशाचे होते आणि ते कोणाच्या हाती राहते, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे.

लिंगोगीताचा प्रवास

गोंडी मौखिक साहित्याच्या लिखित नोंदींत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे संकलन आरंभीचे व महत्त्वाचे मानले जाते. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोची दीर्घ गाथा टिपून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. पुढे रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. रोमन लिपीतील मूळ गोंडी पाठ आणि त्याचे इंग्रजी भाषांतर हे या ग्रंथाचे मोल आहे. मूळ पाठ उपलब्ध असल्यामुळेच आजचा अभ्यासक त्या भाषांतराची तपासणी करू शकतो.

पुढे मात्र या गाथेचे वेगळेच रूपांतर झाले. कॅप्टन जे. फोरसाइथ यांनी १८७१ च्या आपल्या मध्य भारतविषयक ग्रंथात ती संक्षिप्त करून लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या वृत्तात इंग्रजीत बांधली. ‘हायावाथा’ (१८५५) हे काव्य अमेरिकेतील आदिवासींच्या कथांवर आधारलेले असले, तरी त्याचे वृत्त फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतलेले होते. अशा रीतीने महादेवाने कोंडलेल्या गोंडांना सोडविणाऱ्या लिंगोची कथा अमेरिकामार्गे आलेल्या फिनिश चालीत इंग्रजी वाचकांसमोर गेली. कथा टिकली, परंतु तिची चाल, तिची भाषा आणि तिचा गायक या तिन्ही गोष्टी मागे पडल्या. ज्याच्या स्मरणावर हे सारे उभे राहिले, त्याची ओळख अभ्यासपरंपरेत ‘एक परधान’ एवढीच उरली.

वर्तमान संकलनांतील तीन उणिवा

वसाहतकालीन संग्राहकांवर टीका करणे सोपे आहे. आपली संकलने त्यांच्यापेक्षा किती वेगळी आहेत, हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते.

पहिली उणीव नावाची आहे. मुखपृष्ठावर संपादकाचे नाव असते आणि गायिकांचा उल्लेख ऋणनिर्देशात ‘गावातील वृद्ध महिला’ असा होतो. लोकगीत समूहाचे असल्याने व्यक्तीचे नाव गौण आहे, असे यावर म्हटले जाते. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गीत समूहाचे असले, तरी त्याचे विशिष्ट सादरीकरण विशिष्ट व्यक्तीचेच असते. शिवाय गीत समूहाचे असेल, तर त्यावर संपादकाचेही नाव एकट्याने शोभत नाही.

दुसरी उणीव ध्वनीची आहे. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असून तिच्या बोलींत पद्धतशीर ध्वनिभेद आहेत. मिठाला काही बोलींत ‘सोवर’, काहींत ‘होवर’ तर काहींत ‘ओवर’ म्हणतात. आरंभीचा ‘स’ क्रमाने ‘ह’ होऊन अखेर लोप पावतो, हा भाषाभ्यासकांनी नोंदविलेला महत्त्वाचा बदल आहे. संपादकाने ‘शुद्ध’ रूप म्हणून सर्वत्र एकच उच्चार छापला, तर भाषेच्या इतिहासाचा हा पुरावा पुसला जातो. अनेक संग्रहांत तर मूळ पाठ न देता केवळ मराठी भावार्थ दिला जातो. या बाबतीत ते १८६६ च्या ग्रंथाच्याही मागे आहेत.

तिसरी उणीव प्रसंगाची आहे. नव्या फळाचा वा धान्याचा उपयोग पंडुम केल्यानंतरच करण्याची माडियांची रीत आहे. मृताच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याचीही प्रथा आहे. अशा विधींतील गीत विधीपासून तोडून ‘निसर्गगीते’ वा ‘शोकगीते’ या सदरात घातले की त्याचे कार्य कळेनासे होते. राजगोंडांच्या गाथा परधानासारख्या परंपरागत गायकाकडे असतात, तर माडियांचे रेलागीत प्रामुख्याने समूहाने गायिले जाते. हा भेद न मांडता दोन्ही ‘आदिवासी लोकगीते’ म्हणून एकत्र छापणे शास्त्रीय नव्हे.

स्वामित्वाचा प्रश्न

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याची रचना मुख्यतः ओळखता येणाऱ्या कर्त्याभोवती झालेली आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः ते करविणाऱ्याकडे जातो, परंतु पिढ्यान्‌पिढ्या गीत सांभाळणाऱ्या गावाला या चौकटीत स्पष्ट स्थान नाही. तथापि, इतर कायद्यांत आधार सापडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधता व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्काचा उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. बांबूचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा गीतांच्या ध्वनिमुद्रणांचा ताबा का सांभाळू शकणार नाही? संशोधकाने तिच्याकडे माहितीचा स्रोत म्हणून न पाहता परवानगी देणारी व प्रत राखणारी संस्था म्हणून पाहिले पाहिजे.

भाषेविना जतन?

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार आहे, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांची गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. तांत्रिक अडसर कमी झाला, पण भाषेला वर्गात जागा मिळाली नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा मान्यतेचा प्रश्न उपस्थित होऊन शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरविले. गीतांच्या संग्रहाला अनुदान आणि गीताच्या भाषेतील शाळेला नोटीस, ही विसंगती आपल्या जतनविषयक धोरणाची खरी परीक्षा आहे. ज्या भाषेत मूल शिकत नाही, त्या भाषेतील गीताचा संग्रह कितीही काटेकोर असला तरी तो अखेर ग्रंथालयातच राहील.

समारोप

महाविद्यालयांना काही गोष्टी अल्प खर्चात करता येतील. प्रत्येक नोंदीत गायकाचे संमतीपूर्वक नाव, गाव, दिनांक, बोली व प्रसंग असावा. मूळ पाठ, शब्दशः अर्थ व मुक्त अनुवाद हे तिन्ही स्वतंत्र द्यावेत. ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रामसभेकडे जमा झाल्याशिवाय प्रकल्प पूर्ण मानू नये. गोंडी व माडिया भाषक विद्यार्थ्यांना माहितीदात्यांऐवजी सहसंपादकांचे स्थान द्यावे, कारण पाठातील चूक प्रथम त्यांच्याच कानाला कळते.

हिस्लॉप यांच्या परधानाचे नाव आता मिळणे कठीण आहे. आज गाणाऱ्यांची नावे मात्र विचारण्याइतकी जवळ आहेत. ती न विचारता केलेल्या संग्रहाला जतन म्हणणे अभ्यासक म्हणून आपल्याला परवडणारे नाही.