नकाशावरील ‘पूर्व’ आणि ‘उत्तर’

प्राचीन संस्कृतींच्या आपल्या परिभाषेतील दोन संज्ञा नकाशावर उतरताच दगा देतात : ‘पूर्व हडप्पा’ आणि ‘उत्तर हडप्पा’. येथे ‘पूर्व’ म्हणजे आधीचा व ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा. परंतु ज्या नकाशाच्या कोपऱ्यात बाण काढून ‘उत्तर’ लिहिलेले असते, त्याच्याच सूचीत ‘उत्तर हडप्पा’ छापल्यास विद्यार्थ्याने काय समजावे? प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर आहे. पण या संस्कृतीच्या ज्ञात स्थळांत ते अगदी दक्षिणेचे. पूर्व हडप्पा काळाची वस्ती असलेले आम्री सिंधूच्या पश्चिमेस आहे. कालीबंगा मात्र सिंधूच्या बरेच पूर्वेला असून तेथेही पूर्व हडप्पा काळाचा थर आहे. म्हणजे चुकीचा अर्थ घेणाऱ्यास येथे नकाशाच दुजोरा देतो! भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ कोणी हिमालयात शोधीत नाही, हे खरे. पण ग्रंथनामाशेजारी दिशादर्शक बाण नसतो. सूचीत ‘पूर्वकालीन’ व ‘उत्तरकालीन’ असे पूर्ण शब्दच छापले पाहिजेत. ‘आद्य’ व ‘अंत्य’ ही जोडी सुटसुटीत खरी. तथापि ‘अंत्य’ म्हटले की शेवट डोळ्यांपुढे येतो, आणि हा कालखंड तर काही शतके टिकला.