सगळ्यांनी मिळून सांभाळलेली बरोबरी

१९ मे २०२५ला ‘मॅग्नस कार्लसन विरुद्ध जग’ हा डाव बरोबरीत सुटला. एकीकडे एक माणूस, दुसरीकडे १,४३,०००हून जास्त खेळाडू. एका चालीला चोवीस तास आणि जगाची चाल बहुमताने. ३२ चालींनंतर कोपऱ्यातल्या राजाला आम्ही शहामागून शह दिले आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आली. ‘आम्ही’, कारण त्यात माझंही मत होतं.

आनंद झालाच. कार्लसन जिंकणार, असंच सगळे धरून चालले होते. पण डाव पुन्हा पहिल्यापासून बघितला आणि जरा हिरमुसलो.

हा फ्रीस्टाइल डाव होता. मागच्या रांगेतली मोहरी ९६०पैकी एका पद्धतीने मांडायची, म्हणजे पाठ केलेलं ओपनिंग बाद. बॉबी फिशरने १९९६मध्ये हा प्रकार आणला तो त्यासाठीच. पहिल्या चालीपासून मोकळं रान होतं आणि आम्ही काय केलं? नेहमीच्या बुद्धिबळात खेळतो तसंच, जपून खेळलो.

१९९९मध्ये कास्पारॉव्हविरुद्धही जग असंच खेळलं होतं. ओपनिंग सिसिलियन, म्हणजे पुस्तकातलं. तरी दहाव्या चालीला १५ वर्षांच्या इरिना क्रशने सुचवलेली नवी चाल जगाने उचलली: वजीर ई६वर, एकदम दोन प्याद्यांवर डोळा. पुढे हत्ती गेला, बदल्यात घोडा आणि प्यादी आली. ६२ चालींनंतर जग हरलं, पण तो डाव मी आजही काढून बघतो.

मला फरक ओपनिंगचा वाटत नाही. धाडसी चालीमागे चार-पाच चालींचा बेत लागतो आणि आजचं बहुमत उद्या त्याच बेतावर टिकेल याची खात्री कोण देणार? १९९९मध्ये चार तरुण सल्लागार रोज चाल सुचवायचे, कारणं मांडायचे. क्रशचं पटलं म्हणून लोक तिच्यामागे गेले. नुसतं मत मोजलं की सगळे सुरक्षित चालीवर येऊन थांबतात.

शेवटचे शह बरोबरच होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याआधीच्या दिवसांची आहे. एकदा एक वेडी चाल मला आवडली होती. इतर कोणी ती निवडणार नाही असं वाटलं आणि मी दुसरीवर बोट ठेवलं. कदाचित हजारोंनी तेच केलं असेल.