राक्षस परवडले!

राक्षस मारणाऱ्या वीराला गाव ओवाळते, असा आपला समज. जपानी विनोदवीर हितोशी मात्सुमोतो यांनी २००७ साली ‘दाइनिप्पोनजिन’ काढून तो पार मोडीत काढला. नायकही तेच! हा दाइसातो विजेचा झटका घेऊन इमारतीएवढा होतो, तोही हौसेने नव्हे. वाडवडिलांचा धंदा म्हणून. आजोबांना मान होता. याच्या वाट्याला अंगावर जाहिराती, शेजाऱ्यांच्या शिव्या आणि वेगळी राहणारी बायको. आवडते काय, तर घडीची छत्री. गरजेपुरतीच मोठी होते म्हणून! शेवटचा रबरी पोशाखातला धिंगाणा जरा लांबतो. पण हसता हसता आपण वरमतो. नेमाने कामावर जाणाऱ्या या माणसाला ‘दमलास का?’ म्हणून विचारणारे कुणी नाही. राक्षस परवडले, शेजारी नकोत!