डिओडरंटच्या डबीचा रणगाडा

१९८७ साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा कल्पित भविष्ययुद्धाचा खेळ आणला. चिमुकले सैनिक विकत मिळत. वाहनांचे तयार संच फारसे नव्हते. त्या काळात कंपनीच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा रणगाडा करून दाखवला. मला तो शिल्प म्हणून महत्त्वाचा वाटतो. जेमतेम तीन सेंटिमीटरचा सैनिक शेजारी ठेवला, की डबी अवजड होते, तिची गोलाई चिलखत वाटते. तरी डबी ओळखू येतेच. ही दुहेरी ओळख पाहणाऱ्यालाही कामाला लावते. साच्यातून निघालेले आजचे रणगाडे अधिक रेखीव आहेत, पण त्यांत खेळणाऱ्याने ठरवण्यासारखे थोडेच उरते. इपॉक्सी पुट्टीने भंगाराची प्रत्येक खूण बुजवणारे हौशी कारागीरही त्याच रेखीवपणामागे लागतात आणि हातचे स्वातंत्र्य घालवतात.